एक्सेलची बिलं टॅलीत चढवताना: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

मार्केट यार्डातल्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्याकडे काउंटरवरची बिलं एक्सेलमध्ये बनतात. संध्याकाळी मी करून दिलेलं बटण दाबलं की ती टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जातात. एका शनिवारी दुकानातल्या पोराने बटण दाबलं, स्क्रीन गोठली, म्हणून त्याने परत दाबलं. सोमवारी शेठजींनी मला फोन करून विचारलं, "शनिवारी एवढा धंदा झाला कधी?" १४२ बिलं दोनदा चढली होती. चूक पोराची नव्हती, माझी होती. तेच बिल दुसऱ्यांदा आलं तर काय करायचं, हे मी मॅक्रोला, म्हणजे बटणामागे चालणाऱ्या एक्सेलच्या छोट्या प्रोग्रॅमला, सांगितलंच नव्हतं.

पुढे इतरांची मोडलेली कामं निस्तरायला जाऊ लागलो तेव्हा दिसलं, की बहुतेक जण माझ्याच वाटेने जातात. आधी बटण बनवतात, मग नावं जुळवत बसतात आणि ताळा बघतात तो जीएसटीचं रिटर्न भरायच्या आदल्या रात्री. खरा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. बटण सगळ्यात शेवटी.

खालचं सगळं टॅलीप्राइम, विक्रीची बिलं आणि महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी असलेला धंदा धरून लिहिलं आहे. तुमचं सॉफ्टवेअर दुसरं असेल तर पडदे वेगळे दिसतील, क्रम बदलणार नाही.

टप्पा १: काय जाणार, ते आधी ठरवा

एका वेळी एकाच प्रकारचं व्हाउचर (टॅलीतली व्यवहाराची नोंद) घ्या. विक्री महिनाभर बिनचूक गेली की खरेदी, आणि जमा पावत्या सगळ्यात शेवटी. पावती कुठल्या ना कुठल्या बिलापोटी वळती करायची असते. बिलंच धड नसतील तर पावत्या हवेत लटकतात.

दिशाही एकच ठेवा. बिल एक्सेलमध्ये जन्मलं असेल तर दुरुस्तीही एक्सेलमध्येच करायची. टॅलीत जाऊन कुणी हाताने रक्कम बदलली की दोन्हीकडचे आकडे वेगळे होतात आणि पुढच्या खेपेला तुमची दुरुस्ती पुसलीही जाऊ शकते. हा नियम कागदावर लिहून कॉम्प्युटरशेजारी चिकटवा. मी गंमत करत नाही.

तिसरा निर्णय मालाचा: व्हाउचरमध्ये मालाच्या ओळी पाठवायच्या, की नुसत्या रकमा? मालासह पाठवायचं तर प्रत्येक वस्तूचं नाव, एकक आणि गोदाम टॅलीशी जुळावं लागतं. 'किलो' आणि 'किग्रॅ' ही टॅलीसाठी दोन वेगळी एककं आहेत. माझं मत विचाराल तर टॅलीतला साठा वर्षभर कुणी उघडूनही बघत नसेल, तर नुसत्या रकमा पाठवा. फक्त जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नमध्ये, एचएसएनवार (मालाच्या वर्गवारीच्या क्रमांकानुसार) गोषवारा द्यावा लागतो. त्यामुळे विक्रीची लेजरं, म्हणजे टॅलीतली खाती, कराचा दर आणि एचएसएनप्रमाणे वेगळी करून ठेवा.

टप्पा २: टॅलीची तयारी

१. बॅकअप घ्या. ऑल्ट आणि वाय दाबून डेटाच्या यादीत जा, तिथे बॅकअप आहे. फाइल त्याच ड्राइव्हवर ठेवू नका.

२. तो बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून चाचणीसाठी नक्कल बनवा. लगेच तिचं नाव बदला, मागे 'चाचणी' शब्द जोडा. नक्कल मूळ कंपनीच्याच नावाने उघडते, आणि बाहेरून येणारा डेटा कंपनी ओळखतो तो नावावरूनच. हे न केल्याने चाचणीची बिलं खऱ्या वहीत गेलेली मी पाहिली आहेत.

३. विक्रीखाली नवीन व्हाउचर प्रकार काढा, नाव 'विक्री-एक्सेल' किंवा असंच काहीतरी. क्रमांकाची पद्धत मॅन्युअल ठेवा आणि दुबार क्रमांक रोखण्याचा पर्याय चालू करा. पद्धत ऑटोमॅटिक राहिली तर टॅली स्वतःचा क्रमांक देऊ शकते, आणि ग्राहकाच्या हातातलं बिल व तुमची वही यांचा संबंध तुटतो. प्रकार वेगळा ठेवल्याचा आणखी एक फायदा म्हणजे खेप चुकली तर नेमकी तेवढीच बिलं गाळून काढता येतात.

४. उधारीच्या पार्ट्यांना बिलवार हिशेब चालू आहे का, ते बघा. चालू असेल तर प्रत्येक बिलासोबत 'न्यू रेफ' म्हणून बिल क्रमांक पाठवावाच लागेल. तो नसेल तर रक्कम 'ऑन अकाउंट', म्हणजे कुठल्याच बिलाला न जोडता, पडते. एकूण येणं बरोबर दिसतं, पण कुठलं बिल किती दिवस थकलं आहे ते कळेनासं होतं.

सावधान: टॅलीच्या एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे परवान्याशिवाय, चाचणी घेत असाल तर महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखा चालतात. १७ तारखेचं बिल जात नाही म्हणून शीटमध्ये चूक शोधत रात्र घालवू नका.

टप्पा ३: लेजरची नावं

दहातल्या सात तक्रारींचं मूळ मला इथेच सापडतं.

टॅलीतून लेजरची यादी एक्सेलमध्ये काढा. चार्ट ऑफ अकाउंट्समध्ये लेजर उघडून ऑल्ट आणि ई दाबलं की एक्सपोर्ट होतं. आता ही यादी आणि तुमच्या बिलांमधली पार्टीची नावं शेजारी ठेवून बघा. 'गणेश ट्रेडर्स', 'श्री गणेश ट्रेडर्स', 'गणेश ट्रेडर्स सांगली': काउंटरवरच्या पोराच्या लेखी हे एकच शेठ आहेत, टॅलीच्या लेखी तीन.

नावं सुधारत बसू नका, सांकेतिक क्रमांक द्या. एक वेगळी शीट करा, तिला मी 'जोडणी' म्हणतो. तिच्यात चार रकाने: पार्टीचा क्रमांक, टॅलीतलं नाव जसंच्या तसं, जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) आणि राज्य. बिलाच्या शीटमध्ये पार्टी टाइप करायची नाही, डेटा व्हॅलिडेशनच्या यादीतून क्रमांक निवडायचा. नाव, राज्य, जीएसटीआयएन मागून लूकअपने येतील. व्हीलूकअप वापरत असाल तर शेवटच्या जागी शून्य टाकायला विसरू नका. ती जागा नुसती सोडली तर एक्सेल 'साधारण जवळचं' उत्तर शोधतं आणि दुसऱ्याच पार्टीचं नाव बिनदिक्कत आणून ठेवतं. त्रुटी दाखवत नाही, हीच त्यातली मेख.

नावं डोळ्यांना सारखी दिसूनही जुळत नसतील तर या तीन गोष्टी तपासा.

न दिसणारी जागा. व्हॉट्सअॅपवरून किंवा वेबसाइटवरून चिकटवलेल्या नावात कधीकधी वेगळ्या जातीची मोकळी जागा येते, जिचा संकेतांक १६० असतो. ट्रिम फक्त साधी मोकळी जागा काढतं, ही काढत नाही. आधी सब्स्टिट्यूटने १६० क्रमांकाचं अक्षर साध्या जागेत बदला, मग ट्रिम लावा.

'अँड'चं चिन्ह. नावात & असेल आणि तुम्ही एक्सएमएल (टॅलीला वाचता येईल अशा खुणांमध्ये बांधलेली मजकुराची फाइल) बनवून पाठवत असाल, तर ते चिन्ह तसंच गेल्यास पूर्ण फाइल फुटते, कारण एक्सएमएलमध्ये त्याला खास अर्थ आहे. त्या जागी त्याचं सांकेतिक रूप घालावं लागतं. 'अँड सन्स'वाली एक पार्टी बाकीची १०० बिलं अडवून बसते.

जुने मराठी फॉन्ट. काही दुकानांत पार्ट्यांची नावं अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत इंग्रजी कळफलकाची अक्षरं असतात. टॅलीत ती कचरा होऊन उतरतात. युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घ्या. आणि नावं खरोखर देवनागरीत असतील तर एक्सएमएल फाइलही युनिकोडमध्येच जतन करा, नाहीतर नावाऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसेल.

मग नवीन पार्टी आली तर? मॅक्रोलाच लेजर बनवायला सांगण्याचा मोह होतो. तो आवरा. एका ठिकाणी अशाने एकाच वर्षात ३००च्या वर लेजरं वाढली होती, त्यातली अर्धी टायपिंगच्या चुकांची. नवी पार्टी माणसाने टॅलीत हाताने उघडावी, जीएसटीआयएनसकट, आणि मग 'जोडणी'त घालावी. दोन मिनिटांचं काम आहे.

इथे थांबून बघा: 'जोडणी'तलं प्रत्येक नाव टॅलीच्या यादीत सापडतं का? एक जरी सापडत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ४: बिलांची शीट

छापायचं बिल आणि पाठवायची माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानाचं नाव, मधोमध जोडलेले रकाने, मध्येच बेरीज, खाली सहीची जागा असलेल्या शीटमधून कुठलाही मॅक्रो नीट वाचू शकत नाही. माहितीची शीट रुक्ष असू द्या. वर शीर्षकांची एकच ओळ, एका बिलाची एक ओळ, जोडलेला रकाना एकही नाही, मध्ये बेरीज नाही. सगळं निवडून कंट्रोल आणि टी दाबा, म्हणजे त्याचं टेबल होईल आणि नवीन ओळी आपोआप सूत्रांमध्ये धरल्या जातील.

मी ठेवतो ते रकाने असे: खूण (कशी बनवायची ते टप्पा ८ मध्ये), बिल क्रमांक, तारीख, पार्टी क्रमांक, टॅलीतलं नाव, राज्य, विक्रीचं लेजर, करपात्र रक्कम, सीजीएसटी (केंद्राचा कर), एसजीएसटी (राज्याचा कर), आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीवरचा कर), राऊंड ऑफ, एकूण, पाठवल्याची वेळ. एकाच बिलात दोन दरांचा किंवा दोन एचएसएनचा माल येत असेल तर विक्रीच्या लेजराची आणि करपात्र रकमेची जोडी तितक्यांदा ठेवा.

आता फसवणारे रकाने.

तारीख. तुम्ही ३/४/२०२५ टाइप केलं, म्हणजे ३ एप्रिल. कॉम्प्युटरची प्रादेशिक सेटिंग अमेरिकी असेल तर एक्सेल ते ४ मार्च समजतं. १३/४/२०२५ टाइप केलं तर तेरावा महिना नसल्याने ते नुसता मजकूर म्हणून पडून राहतं. म्हणजे १३ तारखेपासूनची बिलं अडतात, लक्षात येतात. १ ते १२ तारखेची मात्र चुपचाप उलटतात, आणि एप्रिलचं बिल मार्चमध्ये, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतं. विंडोजची प्रादेशिक सेटिंग भारतावर करा, आणि तारखेच्या रकान्यावर इजनंबरची, म्हणजे आत मजकूर नसून आकडाच आहे ना याची, तपासणी लावा. तेवढ्याने उलटलेली तारीख पकडता येत नाही, म्हणून खेपेतली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी तारीखही वर दिसू द्या. टॅलीला एक्सएमएलमधून पाठवताना तारीख आठ अंकी लागते: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये काही नाही. ३ एप्रिलची होते २०२५०४०३.

एचएसएन. हळदीचा एचएसएन ०९१० पासून सुरू होतो. एक्सेलला तो आकडा वाटला की पुढचं शून्य गळतं आणि ९१० उरतं. मसाले, दूध, डाळी यांच्या धंद्यात हे हमखास होतं, कारण तिथले बरेच एचएसएन शून्यानेच सुरू होतात. रकाना आधी मजकूर म्हणून ठरवा, मग टाइप करा. नंतर स्वरूप बदलून गळलेलं शून्य परत येत नाही.

लांब क्रमांक. एक्सेल आकड्यातले फक्त पहिले १५ अंक जपतं, पुढचे शून्य करून टाकतं. १६ अंकी बँक खाते क्रमांक आकडा म्हणून पडला तर शेवटचा अंक गेलाच. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे तो मजकूर म्हणून ठेवला तरी काउंटइफ हे मोजणीचं सूत्र त्याला मनातल्या मनात आकडा समजतं आणि पहिले १५ अंक सारखे असलेले दोन वेगळे क्रमांक 'दुबार' ठरवतं. अशा रकान्यावर दुबार तपासायचं असेल तर सुरुवातीला एखादं अक्षर जोडा.

पैसे. हा भाग जरा सावकाश वाचा. साडेबारा किलो मिरची, दर २३३.३३ रुपये. गुणाकार २९१६.६२५. एक्सेल दाखवतं २९१६.६३, पण पोटात धरतं २९१६.६२५. त्यावर अडीच टक्के सीजीएसटी ७२.९१५६२५, दाखवतं ७२.९२. एसजीएसटी तेवढाच. एकूण ३०६२.४५६२५, दाखवतं ३०६२.४६. आता दाखवलेले आकडे कागदावर मिळवून बघा: २९१६.६३ अधिक ७२.९२ अधिक ७२.९२ म्हणजे ३०६२.४७. एका पैशाचा फरक. टॅली हे व्हाउचर घेत नाही, 'व्हाउचर टोटल्स डू नॉट मॅच' म्हणते, आणि ती बरोबर आहे.

उपाय असा, की रकान्याचं स्वरूप दोन दशांश करून भागत नाही, प्रत्येक पायरीवर राऊंड सूत्र हवं. आधी करपात्र रक्कम राऊंड करा, त्या राऊंड केलेल्या रकमेवर कर काढून तोही राऊंड करा, आणि एकूण मात्र या भागांची बेरीज म्हणून घ्या. बिल ३०६२ रुपयांचं करायचं असेल तर उरलेले ४७ पैसे 'राऊंड ऑफ' लेजरला नावे टाका. करामध्ये हातचलाखीने पैसा कमी-जास्त करू नका.

टप्पा ५: गाळणी

पाठवण्याआधी प्रत्येक ओळीपुढे एकच उत्तर दिसलं पाहिजे: ठीक किंवा अडवा. त्यामागच्या तपासण्या अशा:

१. बिल क्रमांक १६ अक्षरांच्या आत आहे का. जीएसटीचा नियमच तसा आहे, आणि अक्षर, अंक, आडवी रेघ व तिरकी रेघ एवढंच चालतं.
२. तो क्रमांक याच शीटमध्ये दुसऱ्यांदा आलेला नाही ना.
३. जीएसटीआयएन असेल तर १५ अक्षरी आहे का, आणि पहिले दोन अंक राज्याशी जुळतात का. महाराष्ट्र २७, गोवा ३०, कर्नाटक २९, गुजरात २४.
४. पुरवठा राज्यातला असेल तर आयजीएसटी शून्य आणि सीजीएसटी-एसजीएसटी समान. राज्याबाहेरचा असेल तर फक्त आयजीएसटी.
५. नावे आणि जमा यांची बेरीज पैशापर्यंत सारखी.
६. तारीख चालू खेपेच्या मुदतीत आहे.

चौथ्या तपासणीत एक मेख आहे. कर ठरतो तो पुरवठ्याच्या ठिकाणावरून, पार्टीच्या जीएसटीआयएनवरून नेहमीच नाही. बिल एकाच्या नावे आणि माल दुसऱ्याकडे, असा व्यवहार असेल तर ती ओळ हाताने तपासा. गाळणीने अशी ओळ अडवली तर बिघडत नाही, सोडली तर बिघडतं.

टप्पा ६: कुठल्या वाटेने पाठवायचं

वाटा दोन आहेत.

पहिली, टॅलीची स्वतःची आयात. टॅलीप्राइमच्या ४.० आवृत्तीपासून एक्सेलची फाइल सरळ घेता येते. ऑल्ट आणि ओ दाबून इम्पोर्टमध्ये जायचं आणि ट्रान्झॅक्शन्स निवडायचं. तुमचे रकाने टॅलीच्या कुठल्या खान्यात जातील, ते एकदा जुळवून साचा म्हणून जतन करायचं. टॅलीची नमुना फाइल वापरली तर ती जुळवाजुळवही वाचते. दिवसाला चाळीस-पन्नास बिलं असतील तर यापुढे जायची गरज नाही. उगीच मॅक्रोच्या मागे लागू नका.

दुसरी वाट म्हणजे एक्सेलमधून एक्सएमएल बनवून चालू टॅलीला थेट पाठवायचं. टॅलीत एफ१ दाबून सेटिंग्जमधल्या कनेक्टिव्हिटीत जा, टॅलीला सर्व्हर म्हणून काम करू द्या आणि पोर्ट (डेटा आत यायचा दरवाजा) ९००० ठेवा. चालू झालं का ते बघायला त्याच कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, मग कोलन, मग ९००० टाका. 'टॅलीप्राइम सर्व्हर इज रनिंग' असं उत्तर आलं की रस्ता मोकळा.

या वाटेवर अडखळायच्या जागा दोन. चिन्हं उलटी वाटतात: टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावे रक्कम वजा चिन्हाने जाते आणि जमा रक्कम अधिक. वरच्या बिलात पार्टी वजा ३०६२, विक्री २९१६.६३, दोन्ही कर ७२.९२, आणि राऊंड ऑफ वजा ०.४७. सगळ्यांची बेरीज शून्य आली पाहिजे. दुसरं, विनंतीत कंपनीचं नाव लिहाच. ते न लिहिलं तर त्या क्षणी टॅलीत जी कंपनी चालू असेल तिच्यात बिलं जातात. एकाच कॉम्प्युटरवर शेठजींची आणि त्यांच्या भावाची अशा दोन वह्या उघड्या असतात, हे विसरू नका.

सावधान: हे पोर्ट दुकानाच्या नेटवर्कबाहेर, इंटरनेटवर कधीही उघडू नका.

टप्पा ७: आधी पाच बिलं

'चाचणी' कंपनीत पाचच बिलं पाठवा, पण निवडून: एक राज्यातलं, एक राज्याबाहेरचं, एक रोखीचं, एक राऊंड ऑफ असलेलं आणि एक मुद्दाम चुकीच्या लेजराचं. चुकीचं बिल अडतं का, हे बघणं बाकीची चार जातात का हे बघण्याइतकंच महत्त्वाचं.

एक्सएमएलच्या उत्तरात टॅली किती बनली, किती बदलली, किती दुर्लक्षिली आणि किती चुकली, ते आकड्यांत सांगते. इथे अपेक्षित उत्तर चार बनली, एक चुकलं. 'काही एरर तर आली नाही' असं म्हणून पुढे जाऊ नका, आकडा वाचा. एक्सेल किंवा फाइलच्या आयातीत अडलेल्या नोंदींची कारणं टॅलीच्या फोल्डरमधल्या 'टॅली डॉट आयएमपी' फाइलमध्येही बघा.

मग एकेक बिल टॅलीत उघडून डोळ्यांनी तपासा. शेवटी जीएसटीआर-१ चा अहवाल उघडा आणि 'अनसर्टन ट्रान्झॅक्शन्स'मध्ये काही पडलंय का बघा. पुरवठ्याचं राज्य किंवा एचएसएन पोहोचलं नसेल तर व्हाउचर बिनतक्रार चढतं आणि इथे येऊन अडकतं. ११ तारखेला रिटर्न भरताना सापडण्यापेक्षा आज सापडलेलं बरं.

खऱ्या कंपनीतली पहिली एक-दोन खेपही 'ऑप्शनल' व्हाउचर म्हणून पाठवा. ती वहीत दिसतात, पण खात्यांवर परिणाम करत नाहीत. पटली की उघडून कंट्रोल आणि एल दाबून नियमित करा. रोज असं करणं शक्य नाही, सुरुवातीला मात्र करा.

टप्पा ८: तेच बिल दुसऱ्यांदा आलं तर

आता माझ्या १४२ बिलांकडे येऊ.

प्रत्येक बिलाला न बदलणारी एक खूण द्या. नुसता बिल क्रमांक पुरत नाही, कारण १ एप्रिलला तो पुन्हा एकपासून सुरू होतो. मी आर्थिक वर्ष, मालिका आणि क्रमांक जोडतो. ही खूण एक्सएमएलमध्ये रिमोट आयडी म्हणून जाते. तीच खूण पुन्हा आली की टॅली नवीन व्हाउचर न बनवता जुनंच बदलते, आणि उत्तरात 'बनली'ऐवजी 'बदलली'चा आकडा वाढतो.

एवढ्यावर विसंबू नका, शीटमध्येही नोंद ठेवा. बिल पाठवलं, टॅलीचं 'एक बनलं' असं उत्तर आलं, तरच 'पाठवल्याची वेळ' भरायची. वेळ भरलेली ओळ मॅक्रोने उचलायचीच नाही. नेहमीची चूक म्हणजे पाठवण्याच्या आधीच वेळ भरणं. मग टॅली बंद असली तरी शीट म्हणते 'गेलं'.

मधली अवस्था सगळ्यात वाईट. बिल टॅलीत पोहोचलं, पण उत्तर परत येण्याआधी एक्सेल गोठलं. वेळ रिकामी, व्हाउचर मात्र बनलेलं. त्या शनिवारी हेच झालं होतं. अशा ओळींसाठी आंधळेपणाने परत पाठवायचं नाही. टॅलीत तो क्रमांक आहे का ते बघायचं, असेल तर वेळ हाताने भरायची. शिवाय बटण दाबल्याबरोबर ते निष्क्रिय होईल आणि काम संपल्यावरच पुन्हा जागं होईल, एवढं मॅक्रोत करून घ्या.

टप्पा ९: ताळा

प्रत्येक खेपेनंतर, रोज. शीटच्या वर हे आकडे ठेवा: बिलांची संख्या, पहिला आणि शेवटचा क्रमांक, करपात्र बेरीज, तिन्ही करांच्या बेरजा, राऊंड ऑफ, एकूण. टॅलीत त्या दिवसाचं सेल्स रजिस्टर उघडून तेच आकडे शेजारी लिहा. फरक शून्यच हवा. 'दोन-चार रुपये इकडेतिकडे' हे उत्तर नाही, ते दोन-चार रुपये म्हणजे एक चुकलेलं बिल आणि एक उलट चुकलेलं बिल असू शकतं.

एकूण जुळलं म्हणजे झालं, असंही नाही. एकाचं बिल दुसऱ्याच्या खात्यात पडलं तर सगळ्या बेरजा जुळतात. म्हणून रोज कुठल्याही पाच पार्ट्यांची खाती उघडून बघा. त्याच त्या पाच नकोत.

टप्पा १०: आता बटण

वरचं सगळं दोन आठवडे हाताने चाललं की मगच बटण बनवा, आणि त्यात गाळणी आधी चालेल, एकही ओळ 'अडवा' असेल तर काहीच जाणार नाही, असं ठेवा. रात्री दोन वाजता विंडोजच्या टास्क शेड्युलरने आपोआप पाठवायची हौस अनेकांना असते. मी करून देत नाही. टॅली उघडी लागते, योग्य कंपनी चढवलेली लागते, आणि रात्री दोनला चुकलेलं बघायला कुणी नसतं.

मॅक्रोची फाइल मेलने किंवा व्हॉट्सअॅपने आलेली असेल तर ऑफिस तिचे मॅक्रो चालू देत नाही. फाइल बंद करून तिच्या प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉकची खूण करा. मात्र हे तुम्ही स्वतः बनवलेल्या किंवा ओळखीच्या माणसाकडून घेतलेल्या फाइलपुरतंच.

खेप चुकलीच तर

पहिलं काम म्हणजे थांबा, आणि कुणालाही टॅलीत नवीन नोंद करू देऊ नका. खेपेआधीचा बॅकअप असेल आणि त्यानंतर दुसरं काही नोंदलं गेलं नसेल, तर तो रिस्टोअर करणं सगळ्यात स्वच्छ. मधल्या वेळात पावत्या, खर्च पडले असतील तर वेगळ्या व्हाउचर प्रकारावरून तेवढीच बिलं गाळा आणि काढा. धंदा प्रायव्हेट लिमिटेड असेल तर लक्षात ठेवा, १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे. काढलेली १४२ बिलं त्या नोंदीत दिसत राहतात. तेव्हा काय झालं, कधी, किती बिलं आणि कुणी काढली, हे त्याच दिवशी एका कागदावर लिहून सीएकडे द्या. ऑडिटच्या वेळी आठवत बसावं लागत नाही.

शेठजींची वही एकमालकी होती आणि रविवारी दुकान बंद. शुक्रवारी रात्रीचा बॅकअप चढवला, शनिवारची बिलं एकदाच पाठवली, आणि शनिवारच्या सात पावत्या पोराने आणि मी मिळून हाताने टाकल्या.